वहिनी, तुम्ही चहा बघा

सूड घ्यायला थोडी अक्कल लागते. विशीत माझ्याकडे नुसता राग होता, अक्कल नव्हती. त्यामुळे मी घेतलेला प्रत्येक सूड फिरून माझ्याच नवऱ्याला लागला. नातवंडांना हे सांगितलं की ती हसतात आणि आजोबांकडे दयेनं बघतात. बघू देत.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला माझं लग्न ठरलं. मुलगा रेल्वेत आहे, नाशिकरोडला असतो आणि रविवारी बँडमध्ये वाजवतो, एवढंच मला सांगितलं होतं. बँड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे लाल डगला, खांद्यावर सोनेरी झालर आणि वरातीपुढे गाल फुगवून चालणारा माणूस उभा राहिला. मी दोन दिवस रडले. मैत्रिणींना म्हणाले, "लोकांच्या लग्नात वाजवणारा नवरा, म्हणजे दर सीझनला मी घरात एकटी!" लग्न विहारापुढच्या पटांगणात झालं. संध्याकाळी घरी आल्यावर मीच धीर करून विचारलं, "तुमचं वाद्य कुठाय?" ह्यांनी खिशातून कंगव्याएवढा माउथ ऑर्गन काढला. एवढ्याशा वस्तूसाठी मी दोन दिवस रडले होते, याचाच मला जास्त राग आला.

बँड देवळाली कॅम्पातला. एका बेकरीच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी तालीम चाले. खोलीभर ताज्या पावाचा वास आणि ड्रमवर मैद्याची पांढरी साय. माणसं चार. फौजेच्या बँडातून निवृत्त झालेले हवालदार ड्रमवर. बेस गिटार वाजवणारा एक लोकोशेडमधला फिटर, तो पंधरा वर्षांत माझ्याशी पंधरा वाक्यं बोलला असेल. माउथ ऑर्गनवर आमचे हे. आणि गिटार घेऊन मधोमध उभा राहणारा लीडर. कानांखाली कल्ले, पायांत बेलबॉटम, जन्म कॅम्पातला, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी. ऑफिसरांच्या पार्ट्या, नाताळ, मनमाडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमधले नाच, कुणाच्या लग्नाची पंचविशी, असं ते वाजवत फिरायचे आणि त्याला ब्लूज म्हणायचे.

पहिल्यांदा तालमीला गेले तेव्हा मी दहा मिनिटं ऐकलं आणि ह्यांच्या कानात विचारलं, "हे सगळे रडतायत कशाला?"

लीडरनं ऐकलं. त्याला ते फार आवडलं. "बराबर पकडलं वहिनी! ब्लूज म्हणजे रोनाच आहे. एक ओळ म्हणायची. तीच पुन्हा म्हणायची. मग तिसऱ्या ओळीत जवाब."

"मग हे तर आमच्याकडच्या म्हाताऱ्यासुद्धा करतात," मी म्हणाले.

इथेच माझी जीभ आवरायला हवी होती. माझं माहेर सटाण्याकडचं. आमच्या बाजूला मयताच्या घरी बायका नुसत्या रडत नसत, हेल काढून रडत. बाहेरून आलेली बाई दाराशी एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरी ओळ आत बसलेल्या बायकांनी द्यायची. द्यायचीच. ओळखीची असो, नसो, कुणी हेल काढला की जवाब न देता बसून राहणं म्हणजे मेलेल्याचा अपमान. मग घरातली कुणी मोठी बाई तांब्या घेऊन उठायची, "पुरे कर आते," म्हणजे आता पुरे, असं म्हणायची आणि रडणारीला चूळ भरायला लावायची. तोपर्यंत ते थांबत नसे. बाकी जातीपातीचं आमच्या गावात कमी नव्हतं, पण हेल सगळ्या वस्त्यांचा एकच होता.

आणि एरवी घरात ते कधी गुणगुणायचंसुद्धा नाही. लहानपणी मी एकदा भांडी घासताना म्हटलं, तर आजीनं राखेच्या हातानं माझ्या थोबाडीत दिली होती.

तर ही थोबाडीत खाल्लेली शहाणी मुलगी बेकरीमागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यावर बसली आणि आजीचा हेल म्हणून दाखवू लागली. का? तर गिटारवाला "क्या बात है" म्हणाला म्हणून. आजी तिच्या बहिणीसाठी रडायची तो हेल. "दारात वहाणा तशाच गं माय, दारात वहाणा तशाच." तिसरी ओळ मी म्हटली नाही. माझ्या अंगावर काटा आला म्हणून नव्हे. ती ओळ दुसऱ्यांनी म्हणायची असते, मला एकटीला तिथे कोण देणार? मी थांबले आणि त्या रिकाम्या जागेत ह्यांनी माउथ ऑर्गन घातला. हवालदारांनी मान खाली घातली.

हा काय प्रकार आहे ते मी कुणाला सांगितलं नाही. जुनं गाणं आहे म्हणाले. मयताचं आहे म्हटलं असतं तर त्यांनी घेतलं नसतं, आणि मला ते घेतलं जायला हवं होतं. ह्यांना मात्र माहीत होतं. आमच्याकडच्या एका मयताला ते माझ्याबरोबर आले होते, तेव्हा जवाब का द्यावा लागतो तेही मीच सांगितलं होतं. म्हणाले, "हे बाहेर म्हणतात का गं?" मी म्हणाले, "मनमाडात कोणाला कळतंय!"

मनमाडला मी ते गायले. जांभळं पातळ, डोळे घट्ट मिटलेले, पदराचं टोक इतकं पिळलेलं की नंतर इस्त्रीलाही दाद देईना. हॉलमधून कुणीतरी "वन्स मोअर" ओरडलं. मला वाटलं, वाद झाला असावा. हे म्हणाले, पुन्हा म्हण म्हणतायत. पुन्हा म्हटलं. परतीच्या पॅसेंजरमध्ये मी कुणाशी बोलले नाही, कारण मोठी गायिका प्रवासात बोलत नसते अशी माझी समजूत होती. दुसऱ्यांदा कॅम्पात गायले. तेव्हा डोळे उघडे ठेवायला शिकले होते.

तिसऱ्या वेळी ऑफिसरांची पार्टी होती. मी दुपारपासून गजरा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. वेळ झाली तशी उठून माइककडे निघाले, तेवढ्यात लीडर माइकवर म्हणाला, "अब एक गाना, जो मैंने खुद बनाया है." आणि तोच हेल, इंग्रजी शब्द घालून, स्वतःच गाऊ लागला. मी मध्येच उभी. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. दोन ओळींच्या मध्ये, ह्यांचा माउथ ऑर्गन चालू असताना, तो माझ्याकडे वाकून अगदी गोड आवाजात म्हणाला,

"वहिनी, तुम्ही जरा चहा बघा ना."

आणि मी गेले. आजही मला त्याचा राग येतो त्याहून जास्त माझा येतो. गेले, आणि चहा चांगला केला. आलं घालून.

पुढच्या रविवारी मी त्याला गाठलं. "गा तुम्ही. पण माइकवर एकदा माझं नाव घ्या. गाणं हिचं आहे, एवढं म्हणा."

तो हसला. "अहो वहिनी, आपण घरचीच माणसं. घरच्यांचं काय नाव घ्यायचं?"

घरी येऊन ह्यांना म्हटलं, तर हे म्हणाले, "जाऊ दे." आमच्या ह्यांच्या आयुष्याचं पुस्तक काढलं असतं तर त्याचं नाव तेच ठेवलं असतं.

मी जाऊ देणार नव्हते. त्यानं माइकवर, लोकांसमोर, माझं नाव घेतल्याशिवाय मी मरणार नाही असं ठरवलं. पोटात थोरली होती, तेव्हा असले पण करायला फार जोर येतो. आणि तोपर्यंत सूड.

पहिला सूड गिटारवर. तालमीआधी खोलीत कुणी नाही बघून मी तिच्या सगळ्या खुंट्या पिळल्या. लीडर आला, टुंग टुंग केलं, म्हणाला, "आज हवा बदललीय," आणि दोन मिनिटांत सूर लावून मोकळा झाला.

दुसरा सूड जास्त विचारपूर्वक. मैत्रीण म्हणाली होती की गाणाऱ्यासमोर चिंच चोखली की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि आवाज जातो. मनमाडच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसून, लीडरच्या डोळ्यांत डोळे घालून, मी मुठीएवढा चिंचेचा गोळा चोखला. लीडर डोळे मिटून गात होता. डोळे उघडे होते ते ह्यांचे. मला बघून ह्यांच्या तोंडाला असं पाणी सुटलं की माउथ ऑर्गनमधून नळ सोडल्यासारखा आवाज येऊ लागला. ऐन जवाबाच्या ओळीला. लोक हसले. लीडर माइकवर म्हणाला, "आमचे माउथ ऑर्गनवाले आज भावुक झालेत." टाळ्या. माझे दात चार दिवस आंबलेले, आणि हे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे नेहमीपेक्षा थोडे कमी बोलले.

अशी वर्षं गेली. थोरली शाळेत जायला लागली, धाकटा झाला. बँडही बदलला. कॅसेटी आल्या, डिस्को आलं, लीडरचे कल्ले गेले आणि चमचमता शर्ट आला. हवालदार त्या शर्टाकडे बघायचं टाळत. लोक सिनेमातली गाणी मागायचे, मग तीही वाजवायला लागली. पण दर कार्यक्रमात एकदा दिवे कमी करून तो हेल व्हायचाच, "जो मैंने खुद बनाया है." लोक रुमाल काढायचे. लीडरचा हिशोब साधा होता. ब्लूजमध्ये लोक रडले म्हणजे आवडलं, आणि आवडलं की आणखी लांबवायचं. मी मागे कपबशा विसळत असायची. नऊ वर्षं मी कपबशा विसळल्या.

मग सटाण्याचं लग्न आलं. तिकडच्या एका मोठ्या कांदा व्यापाऱ्यानं मनमाडला बँड ऐकला आणि मुलाच्या लग्नात, जेवणावळी चालू असताना वाजवायला बोलावलं. लीडर तालमीला चिंतेत. "गाव की पब्लिक आहे. ब्लूज कोण ऐकणार?"

माझ्या हातात किटली होती. मी ती खाली ठेवली. नऊ वर्षांत अक्कल आली होती, हे मला त्या क्षणी कळलं, कारण राग अजिबात आला नाही.

"तुमचं ते वाजवा ना," मी म्हणाले. "स्वतः बनवलेलं."

"तिकडे चालेल?"

"बायका तर तुमच्याबरोबर गातील. फक्त शब्द मराठीत घ्या. मी लिहून देते."

लीडर खूश. "क्या बात है वहिनी!" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कागदावर ती ओळ सुवाच्य अक्षरात लिहिली आणि खाली लिहिलं: दोनदा म्हणणे.

सटाण्याला मांडव दुपारचा नुसता फुलला होता. एका बाजूला पंगती, दुसऱ्या बाजूला बायकांची गर्दी, समोर फळ्यांचं स्टेज. मी बायकांत जाऊन बसले, अगदी मधोमध. पहिली तीन गाणी सिनेमाची झाली, पोरं नाचली. मग लीडरनं हात वर केला. "अब एक गाना, जो मैंने खुद बनाया है. तुमच्या भाषेत."

"दारात वहाणा तशाच गं माय, दारात वहाणा तशाच."

माझ्या शेजारच्या म्हातारीचा घास तोंडाशी थांबला. पलीकडची म्हणाली, "काय व्हयनं?" पुरुष जेवतच होते, त्यांना काही कळलं नाही.

त्यानं ती ओळ पुन्हा म्हटली. गिटार गप्प झाली. ह्यांनी माउथ ऑर्गन ओठांना लावला आणि वाजवलाच नाही. का नाही, ते मला आजवर सांगितलेलं नाही. त्या रिकाम्या जागेत पहिल्यांदा एका म्हातारीनं, मग चौघींनी, मग साऱ्या मांडवातल्या बायकांनी तिसरी ओळ दिली. पदर डोळ्यांना लावून, खाली बसून, एकमेकींच्या गळ्यात पडून. जवाब न देता राहणार कशा?

नऊ वर्षांत ती ओळ मी ऐकली नव्हती. माझ्याही तोंडून ती केव्हा बाहेर पडली मला कळलं नाही.

लीडरचा चेहरा उजळला. "पब्लिक गा रही है!" तो हवालदारांना ओरडला, आणि पुन्हा पहिल्यापासून. बायका पुन्हा. तो पुन्हा. प्रत्येक वेळी आवाज चढा. आता पुरुषही पानावरून उठले होते, कोण गेलं, कोणाच्या घरचं गेलं, विचारत पळत होते. वाढपी बुंदीची परात घेऊन तसाच उभा. स्टेजजवळ बसलेली नवरी मुंडावळ्यांतून भेदरून बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मात्र मला वाईट वाटलं. सूडात इतकं वाईट वाटलं तर चालतं, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. आता सांगता येत नाही.

मग नवऱ्यामुलाची आजी उठली. काठीसारखी बारीक बाई, हातात तांब्या. गर्दी आपोआप बाजूला झाली. ती स्टेजच्या पायरीवर चढली आणि लीडरच्या गिटारवर हात ठेवला.

"पुरे कर आते. तुनं कोन गयं रे, भाऊ?"

लीडरला वाटलं, म्हातारी खूश होऊन पाणी घेऊन आलीय. वाकून नमस्कार केला. तेवढ्यात व्यापारी स्वतः स्टेजवर आला, लालबुंद. "माझ्या पोराच्या लग्नात मयताचं रडणं? कोणी शिकवलं तुम्हाला हे? कोणाचं आहे हे?"

लीडरच्या चेहऱ्यावरून रंग उतरताना मी पाहिला. पायरी पायरीनं उतरला. त्यानं गर्दीत मला शोधलं. माइक अजून तोंडाशीच होता, आणि शब्द भोंग्यातून साऱ्या सटाण्याला ऐकू गेले.

"माझं नाही! हे गाणं वहिनींचं आहे! त्यांनीच बनवलं, त्यांनीच शिकवलं!" आणि मग त्यानं माझं नाव घेतलं. पूर्ण, ह्यांच्या नावासकट, आडनावासकट.

बघा. नऊ वर्षं ज्यासाठी थांबले ते झालं. माइकवर, लोकांसमोर. सारा मांडव माझ्याकडे वळला. उठून उभी राहिले असते, हो म्हटलं असतं, तर गाणं माझं झालं असतं आणि तो सुटला असता.

मी उठले. पदर नीट केला.

"माझं कुठलं हो? प्रत्येक कार्यक्रमात हेच सांगतात, मी स्वतः बनवलंय म्हणून. आत्तासुद्धा तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत की." आणि अगदी गोड आवाजात, "मी तर चहा बघते."

हवालदारांना खोकला आला. तो हसण्याचा होता, हे त्यांनी मला पुढे कबूल केलं.

आजीनं लीडरच्या ओंजळीत पाणी घातलं. "चूळ भर." चमचमत्या शर्टात, शेकडो लोकांसमोर, त्यानं चूळ भरली. मग आजीनं नवरीचं तोंड पुसलं, स्टेजवरून उतरताना माझ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "तुनी आजी कोण वं?" तिला कळलं होतं. मी आजीच्या गावाचं नाव सांगितलं. तिनं मान हलवली आणि राखेच्या हातानं नसली तरी एक टपली माझ्या गालावर मारलीच.

आम्हाला न जेवता काढून दिलं. एसटीत मी खिडकीशी बसून खुदुखुदु हसत होते. हे म्हणाले, "झालं समाधान?" मी म्हणाले, "झालं." घरी येऊन भात टाकला आणि तो शिजेपर्यंत रडले. जे हवं होतं ते हातात आलं आणि मीच फेकून दिलं, इतकी हुशार मी तेव्हा होते.

त्यानंतर बँडनं तो हेल कधी वाजवला नाही. बँड आणखी काही वर्षं चालला, डिस्कोवर, वाढदिवसांवर. मग हवालदारांचे गुडघे गेले, बेकरीवाल्यानं खोली मागितली. ऐंशीचं दशक सरत आलं होतं.

खोली रिकामी केली त्या आठवड्यात लीडर आमच्या घरी आला. साधा शर्ट, केस पांढरे. हे खुर्चीवर, तो पलंगाच्या कडेला. पंख्याकडे बघत तो म्हणाला,

"वहिनी, त्या दिवशी बायकांनी जवाब दिला ना, ती ओळ. मला शब्द कळले नाहीत. सूर अर्धा लक्षात आहे. इतकी वर्षं आपण तिथे काहीतरी भरत होतो, पण ते ते नव्हतंच. एकदा सांगाल?"

माफी त्यानं मागितली नाही. मीही मागितली नाही. पण विचारायला आला होता, मालक म्हणून नव्हे.

"सांगते की," मी म्हणाले. "तुम्ही जरा चहा बघा."

तो उठला. स्वयंपाकघरात गेला. डबे उघडल्याचे, काडी न पेटल्याचे, पातेलं पडल्याचे आवाज आले. मी पाय पसरून बसले. आयुष्यात इतकं सुरेल काही ऐकलं नव्हतं. तो ट्रे घेऊन आला. चहा भयंकर होता. मी सगळा प्यायले.

मग आजीची ओळ म्हटली. दोनदा. आणि थांबले. तिसरी देणार नव्हते. उरलेला सूड तेवढाच होता, म्हातारपणासाठी राखून ठेवलेला. त्यानं वाट पाहिली. मी कप खाली ठेवला.

आणि खुर्चीवरून माउथ ऑर्गन वाजला. हे! सटाण्यात गप्प बसलेला माणूस. बायकांनी मांडवात दिलेली ती ओळ, सूर न् सूर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तब्येतीत वाजवून ह्यांनी माउथ ऑर्गन शर्टाला पुसला आणि खिशात टाकला. लीडर डोळे मिटून ऐकत होता. जाताना दाराशी वाकून वहाणा घालताना त्याला वेळ लागला.

"का वाजवलंत?" तो गेल्यावर मी विचारलं.

"जवाब द्यावा लागतो," हे म्हणाले. "तूच सांगितलंस."

त्या दिवसापासून आमच्या घरी चहा हेच करतात. दोन्ही वेळचा. आलं घालून.